फाइल न केलेली ओळ

अवधूत टिपणीस टर्मिनलसमोर बसून होते. मेंदू टर्मिनलला जोडणारी कानामागची वायर त्यांनी अजून काढली नव्हती. पडद्यावर एवढंच होतं : ‘कोडची ओळ चालवली. आठवण पुसली.’ कोणती आठवण, ते कुठेच नव्हतं. कोडची फाइल केली असती तर आता उघडून बघता आली असती. पण एका ओळीसाठी फाइल कोण करतो? सगळी सोसायटी थेट टर्मिनलवर ओळ टाइप करून मोकळी होते.

तेवढ्यात त्यांच्या बायको मृणालताई बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या. “चारच्या एसटीने ताईकडे चालले आहे. थांबवायचं असेल तर काल जे बोललात त्याची माफी मागा.”

“काय बोललो?”

“पुसलंत? वाटलंच मला!”

“बरं, चुकलो.”

“कशाबद्दल?”

“तू सांग, त्याबद्दल.”

मृणालताईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग जरा ओशाळून त्या म्हणाल्या, “तुमचे शब्द सारखे कानात घुमत होते, म्हणून सकाळी मीही एक ओळ चालवली. शब्द गेले, राग तेवढा राहिला.”

“फाइल?”

“एका ओळीची?”

अवधूतरावांनी कानामागची वायर काढली. राग तर त्यांनाही येत होता, आणि तो बहुधा हिचाच असावा.

“मग पुन्हा भांडावं लागेल,” ते म्हणाले. “त्याशिवाय माफी कशाची मागायची?”

मृणालताईंनी घड्याळ पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.

“करा सुरुवात. कालही तुम्हीच केली असणार.”