जवळचं दाखवणारं रडार

"हे चोवीस मैलांपर्यंत दाखवतं," दुकानदार पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "पण एवढ्या लांबचं बघून तुम्ही करणार काय? तुमची बोट केवढी?"

"अठरा फुटी. लाकडी," पुतणी म्हणाली. "रविवारी गळ टाकायला जायचं, तेवढ्यापुरती."

काकांनी खिशातून भिंग काढलं आणि डोळ्याला लावून पडदा न्याहाळू लागले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. वस्तू पारखायची म्हणजे भिंग आलंच. पुतणीला हसू आलं. वडील गेल्यापासून चार महिन्यांत पहिल्यांदाच आलं. वडिलांची फुटलेली बोट तिने हट्टाने सुताराकडून सांधून घेतली होती आणि तिला ती पुन्हा पाण्यात न्यायची होती. काकांची एकच अट होती: आधी रडार, मग बोट.

"लांबचं काय, सगळीच दाखवतात," दुकानदार म्हणाला. "तुम्ही जवळचं स्वच्छ दाखवणारं घ्या. हे बघा, वजनाला हलकं, बॅटरीही फार खात नाही. धुक्यात घात होतो तो जवळूनच."

धुक्याचं नाव निघालं. अशाच धुक्यात एका लाँचने वडिलांच्या बोटीला धडक दिली होती. मग काकांनी विचारलंच. कुणा जाणत्याला गाठून त्यांना हे कधीचं विचारायचं होतं.

"एखाद्या लाँचवर रडार आहे, चालू आहे, आणि तरी त्यांना समोरची बोट दिसली नाही, असं होतं का हो?"

"खोटं बोलतो तो कप्तान!" पुतणी उसळली. "चौकशीत म्हणे, पडद्यावर काहीच नव्हतं. अख्खी बोट काय हवेत विरघळली होती? डोळे फुटले होते मेल्याचे!"

काकांनी जोरात मान डोलावली. त्या कप्तानाच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय त्यांचा एक दिवस जात नव्हता. धाकटा भाऊ गेल्याचं दुःख डोंगराएवढं होतं, पण ते कुणाच्या तरी माथी मारता येत होतं. त्यावरच ते तग धरून होते.

दुकानदार जरा घुटमळला. "खोटंच असेल असं नाही, ताई. लाकडी बोट रडारला नीट दिसत नाही. लाटांच्या गर्दीत हरवून जाते. म्हणून तर हे लावतात."

खालच्या फळीवरून त्याने पत्र्याच्या तीन चकत्या एकमेकींत अडकवलेली एक वस्तू काढली. "बोटीवर काठी उभी करून उंच टांगायचं. वीज नको, बॅटरी नको. समोरच्याच्या पडद्यावर ठसठशीत ठिपका उमटतो. रडार घेतलंत तर दुसरे तुम्हाला दिसतील. तुम्ही दुसऱ्यांना दिसायचं, तर हे हवं."

पुतणीने ती वस्तू हातात घेऊन फिरवली. पत्रा खडखडला.

"काका, असलंच होतं की आपल्या बोटीवर! लहानपणी मी त्याला चांदणी म्हणायचे. कुठे गेलं ते?"

काकांनी भिंग मिटलं. गंजलं, तुटलं, समुद्रात पडलं, काहीही सांगता आलं असतं. खरं ठाऊक असलेला दुसरा एकच माणूस होता आणि तो काही आता सांगायला येणार नव्हता.

"घरी माळ्यावर आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी मी काढलं. वाऱ्यावर सारखं वाजायचं. म्हटलं, मासे बुजतात. तुझा बाबा राहू दे म्हणत होता. मीच ऐकलं नाही."

दुकानदार पाठ फिरवून उगाचच एक खोकं उघडायला लागला. पुतणीने चांदणी काउंटरवर ठेवली. अगदी हलकेच, आवाज होऊ न देता.

"मग?" तिने विचारलं. "नंतर जास्त मिळाले का मासे?"