चौघं

सोसायटीची लिफ्ट कधीची बंद. दमयंतीकाकूंच्या नवऱ्याला डायलिसिसला न्यायचं म्हणजे शेजारच्या चौघांनी खुर्चीसकट पाच मजले उतरवायचं. आज ते चौघंही खालच्या हॉलमध्ये पडद्यासमोर ठाण मांडून बसलेले. कुठल्याशा खासगी कंपनीचं रॉकेट अंतराळात जाऊन परत उभंच्या उभं उतरणार होतं.

"काकू, बसा की पाच मिनिटं. इतिहास घडतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"वर यांना धाप लागलीय. बाहेर रिक्षा खोळंबलीय."

"हे बघा, उतरलं. आता हेच पुन्हा वर जाणार."

टाळ्या झाल्या, पेढे फिरले. उतरतानाचं दृश्य पुन्हा दाखवायला लागले, तसे सगळे परत टेकले.

काकूंनी वायर उपटली.

"ते आपलं आपण उतरतं. आमच्या माणसाला चौघं लागतात. आत्ता येताय, का एकदम खांदा द्यायलाच येणार?"