केवळरामच्या गाडीचा टर्बो

"हा लाव," मारोतरावांनी मोठ्या टर्बोवर बोट ठेवलं.

डिंपलने बापाकडे पाहिलं. सानगडीच्या त्यांच्या गॅरेजात टेबलावर इंजिनात जास्तीची हवा भरणारे दोन टर्बो होते, एक मोठा, एक लहान. दोन्ही तिनेच नागपूरहून आणले होते. केवळरामच्या पिकअपचा जुना टर्बो फुटला होता आणि त्या मापाचा आता कुठे मिळत नव्हता. चार सिलिंडरचं इंजिन तिने पूर्ण उघडून नव्याने बांधलं होतं. टर्बो तेवढा ठरायचा राहिला होता.

"बाबा, केवळरामभाऊची गाडी हाये," ती म्हणाली. "मासोळीची."

"माहीत हाये मले. मोठाच लाव. घाटात दम नाही सोडनार."

केवळरामच्या वाटेत घाट नव्हता. त्याची गाडी रोज तलावाच्या आतल्या काठाला उतरायची, बर्फ आणि मासळीचे क्रेट भरून पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, उभ्या रस्त्याने वर यायची आणि मग साकोलीच्या बाजाराला जायची. त्या चढणीवर धाव घ्यायला जागाच नव्हती. मोठा टर्बो इंजिन जोरात फिरल्याशिवाय हवा भरत नाही. तोवर भरलेली गाडी थांबली असती. लहान टर्बो हमरस्त्यावर थोडा कमी पडला असता, पण पहिल्या गिअरात, हळू चालीत, लगेच जोर दिला असता. डिंपलला हे सगळं मारोतरावांनीच शिकवलं होतं. आधी गाडी कुठं अडते थे पाह्य, मंग टर्बो पाह्य, असं ते म्हणायचे.

कुठला घाट, हे तिच्या क्षणभराने लक्षात आलं. वीसेक वर्षांपूर्वी मारोतरावांनी एका ट्रकाला टर्बो बसवला होता. तो ट्रक छत्तीसगडच्या घाटांतून जायचा. बाबा त्याच ट्रकाविषयी बोलत होते.

त्यांना लकवा होऊन सात महिने झाले होते. डावा हात सुधारला होता. बोलणं परत आलं होतं. घरात सगळे म्हणत होते की बाबा पहिल्यासारखे झाले. डिंपलही म्हणत होती.

"बरं," ती म्हणाली.

दुपारी मारोतराव जेवायला घरी गेले, तेव्हा तिने लहान टर्बो बसवला. वरून उष्णता अडवायला पत्र्याचं झाकण घातलं, म्हणजे सहज दिसणार नव्हता. ते परत आले आणि खुर्चीत टेकत त्यांनी विचारलं, "लावला?"

"लावला बाबा. तुमी सांगतला थोच."

मारोतरावांनी समाधानाने मान हलवली. डिंपल मागच्या नळावर गेली आणि साबण लावून हात घासत राहिली. हात स्वच्छ झाले तरी ती तिथून हलली नाही. खोटं बोलल्याचं वाईट वाटतच होतं. पण आजवर कुठलंही इंजिन अडलं की ती बाबांकडे जायची. आता कोणाकडे जायचं, हे तिला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी केवळराम गाडी न्यायला आला.

"मारोतभाऊ सोबत बसले तरच नेईन," तो म्हणाला. "चढनीवर तेच सांगतीन बराबर हाये का नाही."

तिघे तलावावर गेले. मासे धरणाऱ्या ढिवरांनी पिकअपमध्ये क्रेट रचले, वर बर्फ टाकला. केवळराम स्टिअरिंगवर बसला, मारोतराव मधे, डिंपल खिडकीशी. गाडीच्या पाठीमागे चार हातांवर पाणी होतं.

केवळरामने पहिला गिअर टाकला. गाडी हलली आणि त्याच दमात चढू लागली. इंजिन अजून हळूच फिरत होतं, तरी टर्बोची बारीक शिट्टी सुरू झाली. मारोतरावांनी उजवा तळवा डॅशबोर्डवर टेकवला आणि डोळे मिटले. अर्धी चढण झाली तेव्हा त्यांनी डोळे उघडून डिंपलकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहू लागली.

पाळीवर आल्यावर केवळरामने गाडी उभी केली. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मारोतभाऊ, मानलं तुमाले," तो म्हणाला. "गावात लोक म्हनून राहिले, मारोतरावचं डोकं आता पहिल्यासारखं चालत नाही. मी म्हनलो, या गाडीचा टर्बो थेच निवडतीन. आज जाऊन सांगतो सगळ्याइले."

"सांगा," डिंपल घाईने म्हणाली. "बाबांनीच निवडला."

मारोतरावांचा तळवा अजून डॅशबोर्डवरच होता. केवळराम हसत त्यांच्याकडे पाहत होता. डिंपलने हळूच त्यांचा डावा हात धरला आणि दाबला. गप्प राहा, एवढंच तिला सांगायचं होतं. त्यांनीही तिचा हात दाबला, मग सोडवून घेतला.

"मी मोठा सांगतलो होतो, केवळराम," ते म्हणाले. "पोरीनं माह्यं ऐकलं असतं, तं आता आपन तिघंही खाली पान्यात असतो."