शेजाऱ्याचा तरंगा

कमरोद्दीनचाचांचा तरंगा पाण्याखाली गेला, तो सत्यमनं पाहिला. चांगला डोळ्यांनी पाहिला. गळाच्या दोरीला बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तो बोटभर तुकडा दोनदा डुचमळला आणि लाल टोकासकट दिसेनासा झाला. चाचा मात्र काठी धरून गपगार बसलेले.

दोरी ढिली असली की माशाची हलकी ओढ हाताला कळत नाही, तरंग्यालाच कळते. म्हणून कायगावच्या पुलाखाली गळ टाकणाऱ्यांचा एक रिवाज आहे. शेजाऱ्याचा तरंगा हलला की आपण ओरडायचं, मग तो शेजारी वैरी का असेना. हे सत्यमला चाचांनीच शिकवलं होतं. आणि आज तोच मूग गिळून बसला.

कारण काय, तर इभ्रत. बजाजनगरात खोलीवरच्या दोस्तांपुढं त्यानं फुशारकी मारली होती. ऑनलाइन मागवलेला बझर काठीखाली लावला, की दोरीला ओढ बसताच ठणाणा करतो. पाण्याकडं बघायचीसुद्धा गरज नाही. तीन रविवार झाले, बझर मुका आणि सत्यम रिकाम्या हातानं परत. आज दोस्त कढईत तेल तापवून बसणार होते. चाचांचा मासा सुटला तर आपल्याकडं वळेल, असं त्याला वाटलं.

तरंगा वर आला. मासा गेला होता.

मग सत्यमचा फोन वाजला. रेंजसाठी तो चढावर गेला. "आणतो रे, आणतो," असं सांगत असतानाच खालून बझर कोकलला. धडपडत उतरला तर चाचा कमरेइतक्या पाण्यात उभे, आणि माशानं ओढत नेलेली सत्यमची काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरलेली. दोघांनी मिळून तो राहू मासा काठावर घेतला. दोन किलोचा तरी असेल.

"तुझं यंत्र लई बोंबलतं बघ," चाचा पायजमा पिळत हसले. "घे. तुझ्या गळाचा हाय."

"तुम्हीच न्या चाचा. कहकशासाठी."

कहकशा चाचांची लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला माशाचं कालवण खावंसं वाटतंय, हे चाचांनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं.

"नाय बेटा. तिला म्हणलोय, बापाच्या गळाचाच मासा खाऊ घालीन."

त्यांनी आपली दोरी ओढून घेतली. गळ अंगठ्यानं चाचपला. नुसतं लोखंड.

"आमिष कवाच गेलं की रे."

चोराच्या मनात चांदणं. सत्यमला वाटलं, यांना कळलं.

"मोतीबिंदू पिकलाय माझा," चाचा म्हणाले. "दिवाळीपासून तरंगा दिसतच नाय."

"मग कशाला येता?"

"तू बाजूला असतोस म्हणून येतो. आज तुझंबी ध्यान नव्हतं वाटतं. नायतर बोलला असतास."

सत्यमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं, असं फार वाटलं.

"व्हय चाचा, ध्यान नव्हतं," एवढंच तोंडातून निघालं. गप्प बसल्याची लाज होतीच, या खोट्याची तिच्याहून जास्त वाटली.

चाचांनी कणकेची नवी गोळी लावून गळ फेकला. तरंगा डावीकडं, गवताजवळ पडला. चाचा उजवीकडच्या मोकळ्या पाण्याकडं तोंड करून बसले.

"पडला का नीट?"

"पडला चाचा."

"मग झालं," चाचा म्हणाले, आणि त्यांनी निवांत डोळे मिटून घेतले.