हाराचा हूक

तपासणी अधिकारी सरितानं मंजुरीच्या सहीसाठी पेन उघडलं आणि टाकीवरच्या झेंडूच्या हाराकडे बघून सहज विचारलं, "कडुबामामा, हा कशावर अडकवलाय?"

वाळूजच्या त्या कारखान्यातून मोठी टाकी निघाली की तिला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि मगच ट्रेलर हलवायचा. हार आणि नारळ दोन्ही कडुबा वेल्डरकडे. गुळगुळीत पोलादावर हार टिकत नाही, म्हणून तो बोटाएवढा हूक टाकीला वेल्डिंगनं चिकटवायचा आणि पूजा झाली की घासून काढायचा. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. साखर कारखान्यांच्या टाक्या त्या, त्यांनी कधी तक्रार केली नाही.

ही टाकी मात्र लेहला निघाली होती. उणे पंचेचाळीस अंशांपर्यंत चालेल, असं तिच्या पाटीवर कोरलेलं होतं. एवढ्या थंडीत पोलाद काचेसारखं वागतं, आणि जिथं वेल्डिंगचा ताण राहिलेला असतो तिथंच आधी तडकतं. तो ताण जावा म्हणून तर अख्खी टाकी भट्टीत घालून सहाशेवीस अंशांवर तासन्‌तास ठेवली होती. त्यानंतर वेल्डिंगची ठिणगीसुद्धा चालत नाही. तसं तिच्या पोटावर हातभर लाल अक्षरांत लिहिलंही होतं. हार नेमका त्या अक्षरांच्या वर लटकत होता.

कडुबानं हार बाजूला केला आणि हुकाकडे बघतच राहिला.

"सकाळी लावला," तो म्हणाला. "सवयीनं हात गेला, मॅडम. वेल्डिंगचे दोनच टिपके हायेत. पण हायेत."

वर्कशॉपचे साहेब विश्वजीत लगबगीनं आले. ट्रेलर दारात उभा होता आणि चार वाजता कडुबाच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. "घासून काढू, वर रंग मारू," ते म्हणाले. "कुणाला दिसणारही नाही."

"दिसनार नाय म्हणूनच सांगतोय, साहेब. टाकी परत भट्टीत घाला."

परत भट्टी, परत पाण्याची चाचणी, परत रंग. म्हणजे आठ-दहा दिवस गेले. पण विश्वजीतना लागलं ते वेगळंच. एकतीस वर्षांत कडुबाचं एकही काम परत आलं नव्हतं, आणि चार वाजताच्या भाषणात ते वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं. "मामा, आज शेवटचा दिवस तुमचा. जाता जाता नावाला डाग लावून घेणार?"

"नाव माझं एकट्याचं हाय. तिथं टाकीशेजारी किती माणसं ऱ्हातील?"

सरिताला कडुबाच्या चुकीचा राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. तिनं पेन बदललं. लाल पेननं टाकी नाकारल्याचं कारण लिहिलं आणि वेल्डरच्या रकान्यापाशी थांबली.

"सतरा," कडुबा म्हणाला. "माझा नंबर सतरा. ठाऊक हाय की तुम्हाला."

तिनं सतरा लिहिलं.

चार वाजता कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. कडुबाला शाल मिळाली आणि नारळ मिळाला. टाकीपुढं फोडायचा राहिलेला तोच नारळ होता, पण सगळ्यांनी माहीत नसल्यासारखं केलं. विश्वजीत कागद घेऊन उभे राहिले. त्यांनी काही खोडलं नव्हतं.

"एकतीस वर्षांत कडुबामामांचं एकही काम परत..."

"एक आलंय, साहेब." कडुबा शाल सावरत उभा राहिला. "तेवढं वाक्य खोडा. आन्‌ भट्टी कधी पेटवताय ते सांगा, मी थांबतो."