मोटरचं बटण
रोपं लावणं, खुरपणं, फवारणं तिच्याकडे होतं. विहिरीवरची मोटर मात्र शहरात नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्याच मोबाइलवरून सुरू व्हायची. वीज जायला तासभर उरला होता, मिरचीने माना टाकल्या होत्या आणि तो सकाळपासून फोन उचलत नव्हता. शेवटी एका बाईने उचलला. “ते आंघोळीला गेलेत. कोण बोलतंय?” “मी शेतावरून बोलतेय.” “शेतावर कामाला ठेवलेली बाई ना तू? हे सांगत असतात, फार राबते म्हणून. मी त्यांची बायको.” खुरपं घट्ट धरून तिने मिरचीकडे पाहिलं. “हो, वहिनी. मोटर चालू करायची होती.” “अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.” “मोबाइलवर मोटरचं चित्र असेल. ते दाबा.” मोटर घरघरली. पाटातून पाणी धावलं. “झाली का गं?” “झाली. उद्यापण तुम्हीच फोन उचलाल का, वहिनी?”