काडेपेटीएवढा डबा

संध्याकाळपर्यंत बॉयलरचं तापमान ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसलं नाही, तर जुनं कंट्रोल पॅनेल भंगारात जाणार होतं, आणि त्याच्यासोबत ते सांभाळणारे तिचे बाबाही घरी. म्हणून सकाळपासून ती इरेला पेटली होती.

काडेपेटीएवढा वायरलेस डबा तिने पॅनेलच्या आत बसवला. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हा चालणार घड्याळाच्या सेलवर? मग बोलणार कसला, कुजबुजणार!"

"कुजबुजू दे, ऑफिसात ऐकू जाईल. पण हे लोखंडी दार लावलं की सगळं आतच कोंडतं. अँटेनापुरतं भोक पाडू द्या ना, बाबा."

"माझ्या पॅनेलला भोक? आधी माझ्या कपाळाला पाड!"

मग तिने डबा वर लावला, खाली लावला, कोपऱ्यात तिरका लावून पाहिला. दर वेळी दार लावून ऑफिसात पळायची आणि कोरी स्क्रीन बघून परतायची. बाबा स्टुलावर ढिम्म. संध्याकाळी तिने डबा पुन्हा हलवला आणि पुन्हा पळाली. या वेळी ती कोरी स्क्रीन बघत थांबून राहिली, आणि थोड्या वेळाने आकडा उमटला!

"राहू दे पॅनेल," ऑफिसात बसलेले कारखान्याचे मालक म्हणाले.

आपली चिकाटी फळली, या आनंदात ती धावत आली. पॅनेलचं दार बंदच होतं. खाली लोखंडाचा कीस सांडला होता आणि दारातल्या ताज्या भोकातून अँटेना बोटभर डोकावत होती. बाबा ड्रिल पुसत होते.

"बघत काय राहिलीस? कानस आण. कड धारदार आहे, बिचाऱ्याची वायर कापेल."